तोंड आणि वाट : मारलेल्या चेंडूचा इतिहास

श्रोतेहो, इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तह एवढेच आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. आजचा विषय त्याहून फारच लहान आहे. लिंबाएवढा एक चेंडू काठीने मारला तर तो कोणीकडे जातो, आणि पुष्कळदा सरळ न जाता हवेतल्या हवेत वाकडा का होतो, एवढाच तो प्रश्न. पण या एवढ्याशा प्रश्नाचे नेमके उत्तर हाती यायला विद्वानांना जवळजवळ तीनशे वर्षे लागली. आणि ते सापडल्यानंतर शिकवणाऱ्या मंडळींपर्यंत पोचायला आणखी पस्तीस-चाळीस वर्षे गेली. पहिला उशीर समजण्यासारखा आहे. दुसरा मात्र आपण शिक्षकांनी जरा थांबून पाहावा असा आहे, म्हणून हा विषय आज निवडला.

चेंडू आहे गोल्फचा. आता आपण म्हणाल, गोल्फ हा काही आपल्या आर्वी-हिंगणघाटकडचा खेळ नव्हे. खरे आहे. मोठे थोरले गवताळ मैदान, त्यात दूर दूर अंतरावर अठरा लहान भोके, आणि कमीत कमी फटक्यांत चेंडू त्या भोकांत घालायचा, असा हा स्कॉटलंडचा खेळ. साहेबाबरोबर तो इकडे आला. कलकत्त्याचा गोल्फ क्लब १८२९ सालचा. ब्रिटिश बेटांबाहेर त्याहून जुना क्लब नाही. मुंबईचा क्लब १८४२ साली निघाला. मुंबईच्या मंडळींनी दिलेले रुप्याचे पदक स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज या खेळाच्या माहेरघरी स्पर्धेसाठी ठेवले गेले. आपल्या महाराष्ट्रात नाशिकला जे मैदान आज हुतात्मा अनंत कान्हेरे यांच्या नावाने आहे, त्याला जुनी माणसे अजून 'गोल्फ क्लब मैदान' म्हणतात. ज्या तरुणाने १९०९ साली कलेक्टर जॅक्सनवर गोळी झाडली, त्याचेच नाव साहेबांच्या खेळाच्या जागेला मिळाले. काळ असा फिरतो.

असो. खेळ साहेबाचा असला तरी चेंडूला लागू पडणारे नियम सगळ्यांचे आहेत. विटी-दांडू खेळलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे की दांडू सरळ फिरवला तरी विटी भलतीकडेच जाते.

आधी दोन शब्द ठरवून घेऊ. गोल्फच्या काठीच्या टोकाला लाकडी किंवा लोखंडी डोके असते. त्याची जी सपाट बाजू चेंडूला भिडते, तिला आपण 'तोंड' म्हणू. आणि ते डोके हवेतून ज्या दिशेने चेंडूवर येते, त्या दिशेला 'वाट' म्हणू. तोंड एकीकडे आणि वाट दुसरीकडे असे सहज होऊ शकते. विळा ज्या बाजूला ओढला, त्याच बाजूला त्याचे पाते बघत असेल असे नाही, तसेच हे. चेंडू निघतो तो तोंडाचे ऐकून की वाटेचे ऐकून? भांडण आहे ते एवढेच.

या प्रश्नाला पहिला हात घातला तो न्यूटनने. १६७२ साली प्रकाशाविषयी लिहिताना त्याला आठवले की टेनिसचा चेंडू तिरप्या धरलेल्या रॅकेटने मारला म्हणजे तो वाकडा जातो. रॅकेट तिरपी असल्यामुळे चेंडूला पुढे जाण्याबरोबर स्वतःभोवती फिरण्याचीही गती मिळते आणि एका बाजूची हवा त्याला जास्त रेटते, असे त्याचे म्हणणे. प्रकाशाच्या विषयात चेंडूची गोष्ट ओझरती आली आणि तिथेच राहिली.

पुढची पायरी चढला तो बेंजामिन रॉबिन्स नावाचा इंग्रज गणिती. त्याचा विषय तोफा आणि बंदुका. त्याचे तोफविद्येवरचे पुस्तक १७४२ साली निघाले. त्या काळच्या बंदुकीची गोळी गोल असे आणि ती नेम सोडून कुठेही जाई. रॉबिन्सला वाटले, गोळी नळीच्या एका बाजूला घासते, त्यामुळे तिला फिरकी मिळते आणि ती फिरकीच तिला वाकवते. हे खरे की खोटे, हे पाहण्यासाठी त्याने जो प्रयोग केला तो आजही ऐकण्यासारखा आहे. त्याने बंदुकीची नळीच टोकाशी डावीकडे वाकवली, आणि पुढे ठराविक अंतरांवर पातळ कागदाचे पडदे उभे केले. गोळी गेली की प्रत्येक कागदाला भोक पडायचे, म्हणजे तिचा मार्ग आपोआप लिहिला जायचा.

आता विचार करा. नळी डावीकडे वाकलेली, तर गोळी डावीकडे गेली पाहिजे. तशी ती प्रथम गेलीही. पण वाकलेल्या नळीत ती उजव्या अंगाला घासत आली होती, त्यामुळे तिला फिरकी मिळाली होती. दूरच्या कागदावर पाहतात तो भोक रेषेच्या उजवीकडे! डावीकडे निघालेली गोळी वाटेत उजवीकडे वळली होती. निघण्याची दिशा एक आणि वळण्याचे कारण दुसरे, ही गोष्ट इथे प्रथम कागदावर उमटली.

हा रॉबिन्स पुढे कंपनी सरकारचा अभियंता म्हणून हिंदुस्थानात आला आणि १७५१ साली मद्रासच्या दक्षिणेला, कडलूरजवळच्या सेंट डेव्हिड किल्ल्यात वारला. त्याच्या पुस्तकाचे जर्मन भाषांतर ऑयलर या महान गणितज्ञाने केले, परंतु फिरकीने गोळी वळते हे म्हणणे मात्र त्याने मानले नाही. गोळीचा आकार बिनचूक गोल नसेल, म्हणून ती वाकडी जाते, असे त्याचे मत. मोठ्या माणसाने 'नाही' म्हटले, आणि प्रयोग बाजूला पडला. पुढे शंभर वर्षांनी, १८५२ साली, बर्लिनच्या माग्नुस या प्राध्यापकाने तीच गोष्ट पुन्हा दाखवली. आज शास्त्रात हा परिणाम माग्नुसच्याच नावाने ओळखतात.

नियम सोपा आहे, मुलांनाही सांगता येईल असा. चेंडूची पुढची बाजू जिकडे फिरत असेल तिकडे चेंडू वळतो. पुढची बाजू उजवीकडे फिरते आहे, तर चेंडू उजवीकडे. पुढची बाजू वर फिरते आहे, म्हणजे उलटी फिरकी आहे, तर चेंडू वर उचलला जातो.

ही उलटी फिरकी ओळखली ती एडिंबरोचे प्राध्यापक पीटर गथ्री टेट यांनी. ते पदार्थविज्ञान शिकवीत आणि सुटीत गोल्फ खेळत. त्यांनी हिशेब मांडला तेव्हा असे दिसले की एरवी एवढ्या वेगाने मारलेला चेंडू फार लवकर खाली यायला हवा. पण चांगला फटका सुमारे सहा सेकंद हवेत राहतो. त्याला कोणीतरी वर धरून ठेवते आहे. गोल्फच्या काठीचे तोंड थोडे मागे कललेले असते, त्यामुळे चेंडूला उलटी फिरकी मिळते आणि हवाच त्याला उचलून धरते, हे त्यांनी १८९० च्या सुमारास दाखवून दिले. खात्रीसाठी त्यांनी चेंडूला लांब पातळ फीत बांधून फटका मारायला लावला आणि फितीला किती पीळ पडले ते मोजले. फिरकी म्हणजे दोष, असेच तोवर खेळाडू मानीत. तीच लांब फटक्याचे कारण आहे हे ऐकायला ते तयार नव्हते. टेट यांचा मुलगा फ्रेडी हा १८९६ आणि १८९८ साली हौशी खेळाडूंचा विजेता ठरला. तो पुढे बोअर युद्धात १९०० साली मारला गेला. त्या दुःखातून प्राध्यापक सावरले नाहीत. दुसऱ्या वर्षी तेही गेले.

चेंडूच्या अंगावरचे खळगे आपण चित्रात पाहिले असतील. ती शोभा नव्हे. १८४८ च्या सुमारास मलायाकडच्या झाडांच्या चिकापासून, गटापर्चापासून, गुळगुळीत चेंडू करू लागले. नवा असताना तो नीट उडेना. मार खाऊन ओरखडे पडले की छान उडे. मग कारागीर नव्या चेंडूलाच हातोडीने खाचा पाडू लागले. १९०५ साली इंग्लंडातल्या विल्यम टेलरने खळग्यांच्या चेंडूचे पेटंट घेतले. खळग्यांमुळे हवा चेंडूला अधिक वेळ चिकटून राहते, मागचा ओढा कमी होतो, आणि गुळगुळीत चेंडूच्या जवळजवळ दुप्पट अंतर तो जातो. हे आधी अनुभवाने कळले आणि मग शास्त्राने समजावले. इथे अनुभव बरोबर ठरला, हे लक्षात ठेवा. कारण पुढे उलटे घडले.

हवेत चेंडू का वळतो हे समजले. पण तो निघतो कुठल्या दिशेने? तोंडाच्या की वाटेच्या? विसाव्या शतकातील बहुतेक शिक्षकांनी आणि पुस्तकांनी एक नियम शिकवला : चेंडू निघतो वाटेने आणि जाऊन पोचतो तोंडाकडे. म्हणजे काठी उजवीकडे फिरवली आणि तोंड निशाणाकडे ठेवले, तर चेंडू उजवीकडे निघेल आणि वळून निशाणावर येईल. नियम ऐकायला गोड, पाठ करायला सोपा. मोठमोठे विजेते हेच सांगत.

आणि तो चुकीचा होता.

कॅरम खेळणाऱ्याला हे लवकर पटेल. स्ट्रायकर सोंगटीला कडेने लागला तर सोंगटी स्ट्रायकरच्या दिशेने जात नाही. स्पर्श जिथे झाला तिथून आडव्या निघणाऱ्या दिशेने, म्हणजे दोघांच्या मध्यबिंदूंना जोडणाऱ्या रेषेने ती सुटते. घासण्यामुळे थोडा फरक पडतो, पण थोडाच. गोल्फचेही तसेच. सेकंदाचे दोन हजार भाग केले तर त्यांतल्या जेमतेम एका भागात काठी आणि चेंडू यांची भेट आटोपते. तेवढ्या वेळात मुख्य धक्का बसतो तो तोंड जिकडे बघते तिकडे. वाट तोंडापेक्षा वेगळी असेल तर त्या तिरपेपणाने चेंडू घासला जातो आणि त्याची फिरकी एका बाजूला कलते. म्हणून खरा नियम असा : चेंडू निघतो बहुतांशी तोंडाकडे, आणि वळतो वाटेपासून दूर. निघण्याच्या दिशेत शंभरातले साधारण पंचाहत्तर ते पंच्याऐंशी हिस्से तोंडाचे असतात, उरलेले वाटेचे. चेंडू तोंडाच्या मध्यावर लागला आहे आणि वारा नाही, असे इथे धरले आहे.

हा फरक फळ्यावर मांडून पाहा. समोर चाळीस मीटरवर बाभळीचे झाड आहे आणि त्याच्या बरोबर मागे, पुष्कळ दूर, निशाण आहे. चेंडू झाडाच्या उजवीकडून वळवून न्यायचा आहे. जुन्या नियमाप्रमाणे तोंड निशाणाकडे आणि वाट दहा अंश उजवीकडे ठेवली. चेंडू दहा अंशांवर निघाला, तर झाडापाशी तो मध्यापासून सात मीटर दूर असेल. सहज निघून जाईल. प्रत्यक्षात तो निघतो सुमारे दोन अंशांवर. झाडापाशी दीड मीटरही अंतर राहत नाही. गुरूचे शब्दशः ऐकणारा शिष्य चेंडू बाभळीवर घालतो, आणि वर आपलाच हात वाईट म्हणून स्वतःला दोष देतो!

मग इतकी वर्षे हे कोणाच्या लक्षात कसे आले नाही? याची तीन कारणे दिसतात.

एक म्हणजे वेग. ती भेट डोळ्याला दिसतच नाही.

दुसरे, नवशिक्याचा नेहमीचा चुकार फटका दोन्ही नियमांत बसतो. समजा, वाट सहा अंश डावीकडे आणि तोंड दोन अंश डावीकडे. जुना नियम म्हणतो, चेंडू डावीकडे निघेल आणि उजवीकडे वळेल. नवा नियमही तेच म्हणतो. फक्त सहाऐवजी सुमारे तीन अंशांवर निघेल म्हणतो. बघणाऱ्याला 'डावीकडे निघाला, उजवीकडे वळला' एवढेच दिसते आणि तो म्हणतो, पाहा, नियम खरा! जो अनुभव दोन्ही मतांना सारखाच जुळतो, तो कोणत्याच मताचा पुरावा होत नाही. ही गोष्ट विज्ञानाच्या शिक्षकाने मुलांना जन्मभर पुरेल अशी सांगून ठेवावी.

आणि तिसरे कारण म्हणजे मोठ्यांचा शब्द. थोर खेळाडू झाडाला वळसा घालीत तेव्हा तोंड नकळत थोडे उजवीकडे ठेवीत. म्हणूनच त्यांचा चेंडू सुटून जाई. विचारले म्हणजे मात्र ते पुस्तकातला नियम सांगत. त्यांचा हात खरे बोलत होता, जीभ खोटे बोलत होती. आणि त्यांना स्वतःला याचा पत्ता नव्हता. शिष्य मात्र जिभेचे ऐकत.

१९६८ साली ब्रिटनमध्ये काही शास्त्रज्ञांच्या संशोधनावरून कॉक्रन आणि स्टॉब्स यांनी गोल्फच्या फटक्यावर एक पुस्तक काढले. चेंडू वाटेपेक्षा तोंडाच्या अधिक जवळून निघतो, हे त्यात आले होते. पुस्तक गाजले, कपाटांत गेले. शिकवणारे मात्र जुनेच शिकवीत राहिले. २००३ साली डेन्मार्कमध्ये ट्रॅकमन नावाची कंपनी निघाली. तोफगोळ्यांचा माग काढणाऱ्या रडारवर काम केलेल्या अभियंत्याने तिच्यासाठी चेंडूचा माग काढणारे यंत्र तयार केले. मैदानावर प्रत्येक फटक्याला तोंड किती अंश, वाट किती अंश, चेंडू किती अंशांवर निघाला, हे आकडे समोर दिसू लागले. तेव्हा कुठे पुढच्या काही वर्षांत शिक्षणाची पुस्तके बदलली. रॉबिन्सने तोफविद्येतून ज्या प्रश्नाला हात घातला, त्याचा उलगडाही शेवटी तोफविद्येच्याच उपकरणाने झाला. फक्त कागदाच्या पडद्यांच्या जागी रडार आले.

या इतिहासात आणखी एक बाजू आहे, ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आपल्या देशात पुष्कळ वर्षे गोल्फ खेळला तो साहेबांनी आणि संस्थानिकांनी. त्यांच्या काठ्यांचे ओझे वाहिले गरिबाघरच्या पोरांनी. त्यांना कॅडी म्हणतात. दिवसभर शेकडो फटके जवळून पाहणारा त्यांच्यासारखा दुसरा कोणी नसे. दिल्लीचा अली शेर असाच कॅडीच्या कामातून वर आला, आणि १९९१ साली इंडियन ओपन ही स्पर्धा जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू ठरला. क्रिकेटमध्ये आपल्याकडचे पळवणकर बाळू यांचे उदाहरण त्याच्या कितीतरी आधीचे. पुण्याच्या इंग्रज क्लबात ते मैदान राखण्याचे काम करीत आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकीत. १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. त्यांच्या फिरकीवर सामने जिंकणारे सोबती चहाच्या वेळी मात्र त्यांना बाहेर बसवीत. ज्यांच्या हाताला ज्ञान होते, त्यांच्या हाती लेखणी नव्हती. आणि ज्यांनी पुस्तके लिहिली, त्यांनी स्वतःचा हात काय करतो हे नीट पाहिले नव्हते. असे दोन्हीकडून नुकसान झाले. आज पुण्याचे नाव सांगणारा उदयन माने टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये गोल्फ खेळून आला आहे. त्याच्या पिढीला निदान आकडे तरी खरे मिळतात.

श्रोतेहो, आपण वर्ध्याची माणसे. हाताने काम करीत शिकावे, हा विचार ऑक्टोबर १९३७ मध्ये आपल्याच गावी भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी देशापुढे ठेवला. त्यातून नई तालीम उभी राहिली. तिची टकळी सगळ्यांना आठवते. टकळीशेजारची वही मात्र आपण विसरतो. किती तार निघाले, सूत किती अंकाचे झाले, कापूस किती वाया गेला, याची रोजची नोंद त्या शिक्षणाचाच भाग होती. हाताचे ज्ञान खरे असते, पण ते मोजल्याशिवाय दुसऱ्याच्या हाती देता येत नाही. गोल्फच्या गुरूंजवळ हात होता, वही नव्हती.

शेवटी शिक्षकबंधू-भगिनींना एक सुचवावेसे वाटते. रॉबिन्सचाच एक प्रयोग शाळेत बिनखर्चाचा होतो. कागदाच्या बोळ्यावर सूत गुंडाळून हलका, पण आकाराने मोठा असा चेंडू करा. दुपदरी सुताने तो झाडाच्या फांदीला दोन-अडीच मीटर खाली टांगा. खाली जमिनीवर खडूने सरळ रेघ ओढा. आधी पीळ न देता रेघेवरून झोका द्या. चेंडू रेघ धरून हलेल. मग दोऱ्याला भरपूर पीळ देऊन सोडा. पीळ सुटता सुटता चेंडू गिरक्या घेईल आणि रेघ सोडून एका बाजूला सरकू लागेल. पीळ संपून उलटा बसेल, आणि तो उलटा पीळ सुटताना गिरकी उलटली की चेंडू दुसरीकडे कलेल. एक मात्र करा : चेंडू सोडण्याआधी तो कोणीकडे सरकेल हे प्रत्येक मुलाने आपापल्या वहीत लिहावे, आणि गुरुजींनी आपले मत फळ्यावर लिहावे. मग चेंडू सोडावा, आणि कोणाचे खरे ठरले ते सगळ्यांनी मिळून पाहावे.